मातीचे थर थर्माकोलवर कशाला, खड्ड्यात दाखवा की

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दिवाळीची सुट्टी संपली की शाळांच्या वॉट्सॲप ग्रुपवर मेसेज येतो, "मातीचे थर, मॉडेल करून आणणे", आणि मग दोन दिवस शहरातल्या स्टेशनरीच्या दुकानांत आईबापांची धावपळ चालू होते, कुणाला थर्माकोल मिळत नाही, कुणाला चॉकलेटी रंग मिळत नाही, आणि शेवटी रात्री अकरा वाजता पोरगं झोपलेलं असतं आणि बाप फरशीवर बसून पट्ट्या रंगवत असतो. वरती हिरवा कागद, खाली काळी पट्टी, मग चॉकलेटी, मग पिवळट, तळाला राखाडी. सगळ्या सारख्या जाडीच्या. दुसऱ्या दिवशी वर्गात चाळीस मॉडेलं सारखीच असतात, आणि ती बघून मुलाला एवढंच कळतं की जमिनीखाली चार रंगाचे पट्टे असतात.

मी नाशिकमध्ये बिल्डिंगच्या साईटवर सुपरवायझर आहे, जमीन उघडी करणं हे माझं रोजचं काम आहे, आणि माझी मुलगी चौथीत आहे. म्हणून हे पत्र. मला शाळांना नावं ठेवायची नाहीयेत, शिक्षकांवर कामाचा केवढा भार असतो ते दिसतं. पण ज्या गोष्टीसाठी थर्माकोल कापायचा ती खरी गोष्ट शाळेच्या भिंतीपलीकडे फुकट दिसत असताना आपण मुलांना ती दाखवत नाही याचं मनापासून वाईट वाटतं.

आमच्याकडे खोदकाम सुरू झालं की काय दिसतं ते सांगतो. वरचा वीतभर भाग भुसभुशीत, गवताच्या मुळ्यांनी भरलेला, त्यात गांडूळ, मुंग्या, कुजलेला पाला, हातात घेतला की मोकळा होतो. त्याच्या खाली काळीच पण घट्ट, ढेकळं निघतात आणि ओली असेल तर पोकलेनच्या बकेटला चिकटून बसते, झटकली तरी पडत नाही. अजून खाली गेलं की काळ्यात पांढरे पांढरे खडे दिसायला लागतात, ती चुनखडी. मग काळा रंग एकदम तुटत नाही, हळूहळू पिवळट होत जातो, आणि मग कुणीतरी ओरडतं "मुरूम लागला". आधी मऊ मुरूम, हाताने चुरता येतो. मग कठीण मुरूम, तिथं मशीनचे दात लावावे लागतात. आणि मग काळा कातळ, तिथं ब्रेकरशिवाय काही होत नाही. हे सगळं एकाच भिंतीत, वरून खाली. आणि गंमत अशी की शंभर फुटांवर दुसरा खड्डा घेतला तर हिशोब बदलतो, इथं दोन फुटांवर मुरूम आणि तिथं आठ फूट काळीच, विशेष करून जुन्या नाल्याच्या किंवा नदीच्या बाजूला.

मुरमाच्या थरात गोल गोल दगड सापडतात ते तर मुलांनी बघायलाच पाहिजेत. बाहेरून पिवळट, कांद्यासारखे पापुद्रे सुटत जातात, एक काढला की दुसरा, आणि आत गाभ्याला टणक निळसर काळा दगड. म्हणजे बाहेरून आत पाणी शिरत गेलं आणि दगडाचा मुरूम होत गेला, आतपर्यंत अजून पोचलं नाही. खडकाची माती कशी होते हे समजावायला पुस्तकात एक पान लागतं, आणि इथं तो एक दगड पोराच्या हातात दिला की काम झालं, त्याने स्वतः सोलून बघायचं.

आता काही शाळांमध्ये बिस्किटाचा चुरा, चॉकलेट, जेलीचे किडे असं ग्लासात थरावर थर घालून मातीचे थर शिकवतात. मुलं खूश होतात ते ठीक आहे. पण त्यातून मुलाच्या डोक्यात बसतं की हे थर कुणीतरी एकावर एक आणून ठेवलेत. बहुतेक ठिकाणी तसं झालेलं नसतं. खालचा खडक फुटत फुटत, झिजत झिजत वर माती होते, वरून पालापाचोळा, शेण, मुळ्या कुजून त्यात मिसळतात, आणि या दोन्ही कामांतून मधले थर तयार होतात. इंचभर माती व्हायला शेकडो वर्षं जातात. हां, नदीकाठाला मात्र खरंच थरावर थर बसतो, २०१९ च्या ऑगस्टमधल्या गोदावरीच्या पुरानंतर सायखेडा, चांदोरीकडे घराघरातून गाळ काढावा लागला होता, असाच गाळ पुरामागून पूर काठाच्या शेतात बसत आलाय. मुलाला हा फरक समजला पाहिजे, की ही जागच्या जागी झालेली माती आणि ही पाण्याने वाहून आणलेली. चौथीच्या पोराला कळतं हे. दाखवलं तर कळतं.

दुसरा प्रयोग बाटलीचा. काचेच्या बाटलीत माती आणि पाणी घालून हलवायचं आणि ठेवून द्यायचं, जाड वाळू मिनिटभरात तळाला बसते, मग त्याच्यावर बारीक पोयटा बसायला काही तास, आणि चिकणमाती तर दुसऱ्या दिवशीपर्यंत पाणी गढूळ ठेवते कारण तिचा कण ०.००२ मिलिमीटरपेक्षाही लहान असतो. प्रयोग एकदम चांगला आहे, जरूर करावा. फक्त त्याला "मातीचे थर" म्हणून वहीत लिहून घेऊ नये, कारण बाटलीतले थर हे कणांच्या आकाराप्रमाणे झालेले असतात, मूठभर मातीत काय काय आहे ते त्यातून कळतं, जमिनीत वरून खाली काय आहे ते नाही. जमिनीत उलट मोठे दगड खाली असतात ते तळाला बसले म्हणून नाही तर अजून फुटले नाहीत म्हणून. माझ्या मुलीने वर्गातून आल्यावर बाटलीचं चित्र दाखवून मला सांगितलं की बाबा सगळ्यात खाली वाळूचा थर असतो, आणि ती रोज ज्या जमिनीवर खेळते तिथं खाली मुरूम आहे.

अजून एक. काळी माती म्हणजे ह्यूमस भरपूर, असं सर्रास सांगितलं जातं. आपल्याकडच्या काळ्या जमिनीचा काळेपणा मुख्यतः ती ज्या काळ्या दगडापासून झाली त्यातल्या खनिजांचा आणि चिकणमातीचा असतो, कुजलेला सेंद्रिय भाग त्या मानाने कमीच. म्हणून तर निफाडची भारी काळी जमीन असूनसुद्धा शेतकऱ्याला ट्रॉल्याच्या ट्रॉल्या शेणखत घालावं लागतं. निफाडच्या पोराला हे घरी माहीत असतं आणि शाळेत तो उलटं पाठ करतो, मला हे फार खटकतं.

आणि भेगा! याच्याबद्दल लहान मुलांच्या पुस्तकात दोन ओळीसुद्धा नसतात आणि मला विचाराल तर आपल्या भागातली मातीची सगळ्यात भारी गोष्ट हीच आहे. काळी जमीन पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि एप्रिल-मे मध्ये आक्रसते, तेव्हा हात कोपरापर्यंत जाईल एवढ्या भेगा पडतात, क्रिकेटचा बॉल जातो त्यात. वरची माती, काडीकचरा, कांद्याची वाळकी पात सगळं भेगेतून खाली पडतं, पाऊस आला की भेग मिटते आणि वरचं खाली गाडलं जातं, आणि खालची माती दाबाने वर सरकते. हे शेकडो वर्षं चाललंय. म्हणजे आपली काळी जमीन स्वतःच स्वतःला कालवत असते, म्हणून भारी काळ्या जमिनीत खड्डा घेतला तर चार-पाच फूट सगळं जवळजवळ सारखंच काळं दिसतं, चार्टवरच्यासारख्या रेघा दिसतच नाहीत. आता एखाद्या चुणचुणीत पोराने खड्डा बघून वहीत जसं दिसलं तसं काढलं, वर एक मोठा काळा भाग, खाली चुनखडी, मग मुरूम, तर त्याला मार्क मिळतील का? मला वाटतं त्यालाच पूर्ण मार्क मिळाले पाहिजेत. इंग्लिश मीडियमला तर मातीच्या थरांची वरून खाली ओ, ए, ई, बी, सी, आर अशी अक्षरं पाठ करून घेतात, त्यातला ई हा झिरपत्या पाण्याने धुऊन निघून फिकट पडलेला थर मुख्यतः जास्त पाऊस झिरपणाऱ्या जंगलाच्या जमिनीत असतो, आपल्या काळ्या जमिनीत तो शोधूनही सापडणार नाही, पण परीक्षेत विचारतात.

याच फुगण्या-आक्रसण्यामुळे आम्ही काळीवर पाया घेत नाही, काळी काढून मुरूम लागेपर्यंत खाली जातो आणि मगच फुटिंग. जुन्या कंपाउंडच्या भिंतींना तिरप्या तडा गेलेल्या असतात ना, त्यातल्या कितीतरी काळी न काढता बांधल्यामुळे असतात. मुलांना अशी भिंत दाखवा आणि विचारा का फुटली असेल. मातीचे थर हा विषय त्यांच्या घराच्या भिंतीपर्यंत येतो. तसंच विहिरीचं, आपल्याकडे पाणी मिळतं ते मुरमात आणि फुटलेल्या खडकात, काळी माती पाणी धरून ठेवते पण सहजासहजी खाली सोडत नाही. तीन बाटल्यांची बुडं कापून तोंडाला फडकं बांधून उलट्या टांगा, एकीत काळी, एकीत मुरूम, एकीत वाळू, सारखं पाणी ओता आणि घड्याळ लावा. वाळू लगेच सोडून देईल, मुरूम थोडा वेळ घेईल, काळीच्या बाटलीखाली मुलं मधली सुट्टी होईपर्यंत वाट बघत बसतील.

नाशिक जिल्ह्यासारखी जागा या विषयाला दुसरी मिळणार नाही असं माझं मत आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा पसरून झालेला हा एकच काळा दगड, ब्रह्मगिरी तोच, अंजनेरी तोच, पांडवलेण्याचा डोंगर तोच. पण इगतपुरीकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस आणि उतार, तिथं माती तांबडी, पातळ, भात आणि नागलीची. आणि निफाडला पाऊस त्याच्या पाव भागाच्याही आत, जमीन सपाट, तिथं काळी, खोल, द्राक्ष आणि कांद्याची. एकाच दगडाच्या दोन माती. सुरगाणा-पेठच्या मुलाने आपल्या शेतातली माती आणि निफाडच्या मुलाने त्याच्या शेतातली माती एकमेकांना पाठवली तर दोघांना जे कळेल ते कुठल्याच चार्टमधून कळणार नाही. पांडवलेण्यावर तर सगळ्या शाळांची सहल जातेच, तिथं मुलांना एकदा एवढं सांगा की ज्याला पुस्तकात मूळ खडक म्हटलंय तो हाच, हा कोरून दोन हजार वर्षांपूर्वी ही लेणी काढली, आणि पायऱ्या चढताना बाजूला बघा माती कुठे संपते आणि हा खडक कुठे सुरू होतो. घाटात रस्त्यासाठी कापलेल्या डोंगरात दोन काळ्या थरांच्या मध्ये कधीकधी विटकरी लाल पट्टा दिसतो, तो दोन लाव्ह्यांच्या मधल्या काळात तयार झालेला थर, पुष्कळदा त्या वेळची मातीच, वरून पुढचा लाव्हा आला आणि खाली दबली. गाडीच्या खिडकीतून दिसतो तो, थांबायचीही गरज नाही.

मग करायचं काय. ज्या शाळांना मैदान आहे किंवा शेजारी शेत आहे त्यांनी गुडघाभर खड्डा घ्यावा, त्याच्यापेक्षा खोल नको. एक बाजू फावड्याने सरळ तासून घ्यायची, टेप लावायचा, आणि मुलांनी बोटाने रंग कुठे बदलतो, कडकपणा कुठे बदलतो, मुळ्या कुठपर्यंत गेल्यात ते शोधायचं. प्रत्येक वीतभराची चिमूटभर माती पुठ्ठ्याच्या पट्टीवर फेव्हिकॉलने त्याच क्रमाने चिकटवायची आणि बाजूला किती इंचावर ते लिहायचं, हे झालं मॉडेल, थर्माकोलचा पैसा वाचला. माती ओली करून तळहातावर वळून बघायची, काळीची लांब वळी होते, मुरमाड मातीची तुटते. पांढरा खडा सापडला तर त्याच्यावर लिंबू पिळा, बुडबुडे आले की चुनखडी. संपल्यावर ज्या क्रमाने काढली त्या क्रमाने माती परत भरायची, हेसुद्धा मुलांनीच करावं, वरची वर आणि खालची खाली, का ते त्यांना विचारावं. आनंददायी शनिवार शाळांमध्ये असतोच, एक शनिवार याला द्या.

शहरातल्या ज्या शाळांत सगळीकडे पेव्हर ब्लॉक आहेत त्यांच्यासाठी मी हे मुद्दाम बिल्डर मंडळींना उद्देशून लिहितोय. २०२७ च्या कुंभमेळ्याच्या तयारीमुळे शहरभर खोदकाम चालू आहे, शिवाय बिल्डिंगच्या साईट्स तर आहेतच. मुलांना खड्ड्यात उतरवायचं अजिबात नाही, खड्ड्याच्या काठावरही नाही, काठ कधी ढासळेल सांगता येत नाही आणि काठावर मातीचा ढीग असेल तर आणखीनच, हे मी साईटवरचा माणूस म्हणून हात जोडून सांगतो, शिक्षकांनी उत्साहाच्या भरात असं काही करू नये. पण आम्ही सुपरवायझर लोकं टेप लावून भिंतीचा फोटो काढून शाळेला देऊ शकतो, वरून खालपर्यंतचे प्रत्येक थराचे नमुने पिशव्यांत भरून, लेबल लावून पोचवू शकतो, तो पापुद्र्याचा दगड देऊ शकतो. दिवसभराचं डिझेल जळतं त्याच्यापुढे याला काहीच खर्च नाही. आणि जी वरची चांगली काळी निघते ती बऱ्याच साईटवर डबरात मिसळून कुठेतरी नाल्याकाठी टाकली जाते, शेकडो वर्षांची माती एका दुपारी जाते, ती बाजूला ढीग लावून ठेवून दोन ट्रॉल्या जवळच्या शाळेच्या परसबागेला दिल्या तर मुलांना ती माती कुठून आली तेही सांगता येईल.

दिंडोरी-निफाडच्या पालकांपैकी कितीतरी जणांनी द्राक्षबाग लावायच्या आधी खड्डा घेऊन फुटाफुटाचे वेगळे नमुने तपासायला दिलेले असतात, मुळं कुठपर्यंत जातील आणि चुनखडी कुठे लागेल ते बघायला. अशा एखाद्या बापाला वर्गात अर्धा तास बोलवा. मुक्त विद्यापीठाचं कृषी विज्ञान केंद्र गंगापूर रोडलाच आहे, त्यांनाही विचारता येईल. नागपूरला मृदा सर्वेक्षणाची राष्ट्रीय संस्था आहे, मृदा सर्वेक्षणवाले खड्ड्याची अख्खी उभी भिंत चौकटीत बसवून जपून ठेवतात, तसे आपल्या जिल्ह्यातले दोनच नमुने, एक इगतपुरीकडचा तांबडा आणि एक निफाडचा काळा, महापालिकेने तारांगणात भिंतीला लावले तर शहरातल्या प्रत्येक शाळेची सहल तिथं जाते, मुलं उभी राहून बघतील.

५ डिसेंबरला जागतिक मृदा दिन असतो, आणि आपल्याकडे खड्डा बघायला नेमके तेच दिवस चांगले, पावसाचं पाणी उतरलेलं असतं, मातीत थोडी ओल असते त्यामुळे रंग नीट दिसतात, मे महिन्यात सगळं पांढुरकं पडतं आणि जुलैत खड्ड्यात पाणी भरतं. संपादक साहेब, तुम्हाला विनंती आहे की त्या आठवड्यात आपल्या पेपरच्या मुलांच्या पानावर जिल्ह्यातल्या मुलांनी स्वतः बघून काढलेली खड्ड्यांची चित्रं छापा, प्रत्येक चित्राखाली गावाचं नाव आणि मुरूम किती फुटांवर लागला तेवढं. सुरगाण्याचं, येवल्याचं, सिन्नरचं, मालेगावचं, पंचवटीचं, जेवढी येतील तेवढी. त्यात रेघा सरळ नसल्या तरी चालतील.

आपला,
एक पालक
पाथर्डी फाटा, नाशिक